प्रार्थनेत डोळे न मिटणारी सोमी

एटापल्ली, मंगळवार, १७ ऑगस्ट १९९९

मिशनच्या शाळेत दुसरीचा वर्ग माझ्याकडे. सोमी रोज प्रार्थनेत डोळे उघडेच ठेवते, म्हणून आज तिला बाहेर उभं केलं. प्रार्थना संपल्यावर मी डोळे उघडले, तर तिच्याजवळ बसणारी तिची चार वर्षांची बहीण जागेवर नव्हती. मागच्या दारानं विहिरीकडे गेली होती. सोमीनंच धावत जाऊन तिला काठावरून ओढलं.

"आधी सांगितलं काऊन नाई?" मी ओरडले.

"तुम्ही विचारलं कुठी, बाई? मी डोळे मिटले तं हे पळते."

खरंच, कधी विचारलंच नव्हतं. का नाही विचारलं? सिस्टरांना एवढंच सांगितलं, की पोर सापडली. शिक्षेचं सांगायची हिंमत झाली नाही. सोमी शेजारीच उभी होती. तीही काही बोलली नाही.