२०४४ चा उमेदवार

१२ एप्रिल २००८, नेपरव्हिल

सुशांतने आज जेवणाच्या टेबलावर टाकायला प्लास्टिकच्या दोन मॅट्स आणल्या. त्यावर अमेरिकेचे सगळे प्रेसिडेंट छापलेत. एकेक थोबाड गोलात, खाली नाव आणि साल. वरण-भात खाताना माझ्यासमोर कुलिज नावाचा कोणी आंबट तोंडाचा इसम येत होता. आमटीची वाटी त्याच्यावरच ठेवली.

"बाळाला जेवता जेवता पाठ होतील," सुशांत म्हणाला.

बाळ अजून पोटात आहे. चौथा महिना. आणि याचा हिशोब तयार – ऑक्टोबरात जन्म, प्रेसिडेंट व्हायला वय लागतं पस्तीस, म्हणजे २०४४ ची निवडणूक. चेष्टेत म्हणतो म्हणावं, तर डोळे चेष्टेचे नसतात.

याचे वडील पुण्यात सोसायटीच्या सेक्रेटरीपदाला उभे राहून पडले होते. घराण्यात राजकारण आहे ते एवढंच.

२० एप्रिल

समोरच्या बिल्डिंगमधले अनिल आणि प्रतिमाताई जेवायला आले होते, त्यांची सावनी पण. नऊ वर्षांची गोड पोर. पुरुष दोघं टीव्हीपुढे. इकडे ग्रीन कार्डाचा पत्ता नाही, मताचा अधिकार नाही, आणि चर्चा अशी की जणू यांच्यावाचून मतदान अडलंय.

"पहिले सात प्रेसिडेंट जन्माने ब्रिटिश प्रजाजन होते," सुशांतने सांगितलं. "आठवा, व्हॅन ब्यूरेन, तो पहिला अमेरिकेत जन्मलेला अमेरिकन."

अनिल म्हणाला, "आमच्या सावनीचा चान्स गेला यार. पुण्यात झाली. जन्माने नागरिक नसेल तर प्रेसिडेंट होता येत नाही."

"आय डोन्ट इव्हन वॉन्ट इट, डॅड," सावनी म्हणाली. अख्ख्या घरात तेवढंच एक शहाणं वाक्य.

"मुलीचं काय रे एवढं," सुशांत हसून म्हणाला. अनिलही हसला. प्रतिमाताईंनी पोळी वाढली आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

१ मे

आईचा फोन. बाळंतपणाला नागपूरला ये म्हणते. पहिलं माहेरी असतं.

सुशांतने लगेच लॅपटॉप माझ्यासमोर आणला. एका उमेदवाराचा जन्म पनामा कालव्याच्या पट्ट्यात झालाय, म्हणून तो जन्मजात नागरिकच आहे असा ठराव काल सिनेटला करावा लागला.

"बघ. नेव्हीतल्या बापाचा मुलगा, तरी सर्टिफिकेट लागलं. आणि तू नागपूर म्हणतेस."

सिनेटने नागपूरवर ठराव केला की मी जाईन, असं म्हटलं. त्याला विनोद कळला नाही.

४ मे

स्प्रिंगफील्डला जाऊन आलो. येऊन-जाऊन दिवस गेला, पाठ मोडली. लिंकनच्या थडग्याबाहेर त्याचं काशाचं मोठं डोकं आहे. त्याच्या नाकावर हात घासला की भाग्य उजळतं म्हणे. घासून घासून नाक पिवळंधमक झालंय. बाकी चेहरा काळा.

सुशांतने स्वतः घासलं, मग माझा हात धरून घासायला लावला. मागे रांग होती. "एक हात पोटावर ठेव," म्हणाला. फोटो काढला.

माझ्या आईने गणपतीला नारळ बोलला की याच्या लेखी ती अंधश्रद्धा!

लिंकनच्या घरात गाइड सांगत होती – लिंकनला चार मुलगे. त्यातले तीन त्या माउलीच्या हयातीत गेले. माझ्या डोक्यातून ती बाई जाईना. परतीच्या रस्त्यावर मी तेच बोलले, तर सुशांत म्हणाला, "हो, पण नवरा प्रेसिडेंट होता ना."

१५ मे

बाबांना अँजिओग्राफीत तीन ब्लॉक निघाले. बायपास. जूनच्या मध्याला.

आई रडत नव्हती, म्हणूनच भीती वाटली. बाबा फोनवर आले. "अगं, मी वीज मंडळात आयुष्य काढलं. वायरिंग बदलायचंय फक्त. तू नको धावपळ करू."

१७ मे

जाते म्हटलं. ऑपरेशन होईपर्यंत राहते, बाबा घरी आले की परत येते. डॉक्टरबाईंना विचारलंय. सातव्या महिन्यापर्यंत प्रवासाला हरकत नाही म्हणाल्या.

सुशांत शांतपणे ऐकत होता. त्याचं शांत असणं मला आता ओळखता येतं. "आणि परत यायच्या व्हिसाचं स्टॅम्पिंग लांबलं तर? बीपी वाढलं, तिकडचा डॉक्टर नाही सोडत म्हणाला तर? बाळ तिथेच झालं तर?"

"झालं तर झालं. मी पण तिथेच झाले."

"रेणू, तू त्याचा जन्मभराचा हक्क घालवतेयस. कधीच परत मिळत नाही तो."

"माझे बाबा परत मिळतात का?"

तर म्हणाला, बायपास आजकाल रूटीन झालंय. एखादी पावती फाडावी तसं म्हणाला. तो मॅटवर पोहे खात त्यावरच्या गारफिल्डला गोळी कुणी मारली ते लॅपटॉपवर वाचत बसला होता.

१८ मे

सासूबाईंचा फोन. "तू शिकलेली आहेस. त्याचा विचार कर." त्याचा म्हणजे कोणाचा – विचारलं नाही. सगळं 'तो'च चाललंय. तो शिकेल, तो उभा राहील, तो शपथ घेईल. मी मध्ये फक्त विमानतळ.

२१ मे

सोनोग्राफी. सुशांतची मीटिंग निघाली, तो ट्रेनने शिकागोला गेला. प्रतिमाताईंनी गाडीतून नेलं. आत मी एकटीच.

टेक्निशियन पोरगी होती, हसरी. हात, पाय, पाठीचा कणा दाखवला. हृदय दाखवलं. टकटक टकटक, किती घाईत होतं ते. त्या क्षणी मला कुणाचाही राग नव्हता.

"जाणून घ्यायचंय का?" तिने विचारलं. हो म्हटलं. तिने सांगितलं.

परतताना प्रतिमाताईंनी काही विचारलं नाही. फक्त गाडी थांबवल्यावर म्हणाल्या, "सावनीच्या वेळी अनिल दोन दिवस बोलला नव्हता माझ्याशी. आता जीव टाकतो तिच्यावर. पण ते दोन दिवस मी विसरले नाही."

मी गाडीत बसून राहिले थोडा वेळ.

सुशांत घरी आल्यावर त्याला म्हटलं, मुलगी आहे.

"अरे वा," म्हणाला. बूट काढायला खाली वाकला आणि वर यायला त्याला फार वेळ लागला.

२३ मे

वाईट वागत नाही. चहा करून देतो. 'लक्ष्मी आली' म्हणाला एकदा. पण दोन दिवसांत २०४४ चं नाव नाही. मॅट्स धुऊन ओट्याखाली गेल्यात.

सासूबाईंचा फोन – "पहिली बेटी, धनाची पेटी." मग हवापाणी.

मी मनात म्हणत होते, आता म्हणेल. आता म्हणेल की मुलगी झाली म्हणून काय झालं, हक्क तो हक्क. या वर्षी एक बाई उभी आहे की निवडणुकीला, रोज टीव्हीवर दिसते. एवढं म्हणाला असता तर मी तिथल्या तिथे सगळं सोडून दिलं असतं. नागपूरचा हट्ट पण.

२५ मे

म्हणाला.

"मी विचार केला. तू जा नागपूरला. बाबांना बरं वाटेल तुला बघून."

"आणि परत?"

"कशाला धावपळ? बाळंतपणच उरकून घे तिकडे. आई आहेत तुझ्या, डॉक्टर ओळखीचे आहेत. इकडे कोण आहे आपलं?"

सगळी माझीच वाक्यं. महिनाभर मी म्हणत होते ती. याच्या तोंडून किती स्वस्त वाटली.

"आणि हक्काचं? जन्मभराच्या?"

तो लॅपटॉपकडे बघत होता. "पुढच्या वेळी इकडे करू," म्हणाला.

तिकीट त्यानेच काढलं. एकाच बाजूचं.

७ जून

बॅग भरतेय. टीव्हीवर त्या बाईने माघार घेतली, भाषण चाललं होतं. सुशांत उभ्या उभ्या ऐकत होता. "चांगली फाइट दिली हं," म्हणाला आणि माझ्या बॅगेचं वजन करायला काटा आणायला गेला.

माणूस दुष्ट नाही. दुष्ट असता तर बरं झालं असतं. दुष्टाचा राग येतो. याची मला कीव यायला लागलीय, आणि कीव येते त्या माणसाबरोबर कसं राहतात ते मला कुणी शिकवलेलं नाही.

१९ जून, नागपूर

ऑपरेशन झालं. बाबा शुद्धीवर आहेत. माझ्या पोटाकडे बघून हसले. बोलता येत नव्हतं, नळी होती.

सुशांतला फोन केला. "ग्रेट," म्हणाला. "टेक केअर." बाळाचं विचारलं नाही.

२ जुलै

बाबा घरी आले. दुपारी मी त्यांच्या उशाशी बसले होते, तर म्हणाले, "जावईबापू मुलगी म्हणून खट्टू आहेत का गं? फोनवर आवाज तसा वाटतो."

म्हटलं, "बाबा, मुलगा आहे."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "सुशांतला कळव."

कळवीन म्हटलं. इथे जन्मल्यावर.