बा, तुले गोरा केला

बा, मी चुलीपाशी बसली होती म्हणून मले काही कळत नव्हतं, असं तू समजू नको. खाणीतून सुटला का तू वस्तीतल्या पोरांना आपल्या ओट्यावर शिकवाले बसवायचा. तोंड धुतलं तरी डोळ्यांच्या कडांना कोळसा राहायचाच. हातातली पट्टी एकेकाच्या हनुवटीखाली लावायचा. "मान वर! काळा आहेस तर चोरी केली काय? मर्दासारखा समोर पाह. तू उठला तर वस्ती उठन." पोरं छाती काढून बसायची. त्यांच्या चहा-भाकरीसाठी तू मले चौथीतून काढलं. एक दिवस मीही उंबऱ्यात मान वर करून उभी राह्यली. तू म्हणतो, "तू काऊन इथी? दूध उतू जाऊन राह्यलं." पोरं हसली. तूही हसला.

मग मले पाहाले पाहुणे येणार होते. भद्रावतीच्या बाजारातून तू पहिल्यांदा माझ्यासाठी काही आणलं. मले वाटलं, बांगड्या. कागद सोडला तर गोरं व्हायची क्रीम. "आठ दिवस चोळ. एवढ्या काळ्या पोरीले कोण नेईल?" तेव्हा पट्टी कुठी होती, बा? चामडं तुझंच होतं ना माझ्या अंगावर? मी चोळली. गाल सोलून निघाले. पाहुणे चहा पिऊन गेले, अन् तू आईले म्हणतो, "होतं ते तोंडही घालवलं हिनं."

आता वस्तीनं विहाराजवळ अभ्यासिका बांधली. येत्या रविवारी उघडते. भिंतीवर तुझा मोठा फोटो लागते. ओट्यावरचा एक पोरगा आता मास्तर आहे, तोच मले स्टुडिओत घेऊन गेला, कारण तू गेल्यावर तुझा एकच फोटो उरला, खाणीच्या ओळखपत्रावरचा, अन् तो माझ्यापाशी. मास्तर बाहेर फोनवर बोलत होता. फोटोवाला म्हणे, "बाई, लय काळे आहेत, थोडे उजळू का?" मी म्हटलं, "उजळ." त्यानं उजळलं. "आणखी," म्हटलं. "आणखी."

काल नमुना आला. तू किराणावाल्या शेठसारखा दिसून राह्यला. मास्तर घोटाळला. "बाई, गुरुजी असे होते?" मी म्हटलं, "असेच होते. तुले जास्त माहीत का मले?" मले लय बरं वाटलं, खोटं काऊन बोलू.

पण माझी पोरगी पाहत राह्यली. रंगानं माझ्यावरच गेली ते, म्हंजे तुझ्यावर. रोज त्याच फोटोखाली बसून शिकणार आहे. म्हणते, "आई, आबा आपल्यासारखे होते म्हणत होतीस ना?" मी भाजी चिरत राह्यली.

ओळखपत्र माझ्या लुगड्याच्या घडीत आहे. मास्तरनं मागतलं तर हरवलं म्हणून सांगतलं. हे लिहिलेलं कागदही तिथीच ठेवीन, तुले पाठवाचं कुठी? शनिवारी फोटोवर काच बसते. शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत एवढंच सांग, ते क्रीम आणून तू चुकला का नाई. चुकला म्हण, मी उठून स्टुडिओत जाते अन् तुझा कोळसा तुले परत करते. नाई म्हणत असशील तर राहा तसाच गोरा. शुक्रवार, बा. त्याच्यापुढं मी थांबत नाई.