निळं न झालेलं रक्त

१९ नोव्हें.
तीन नंबरच्या पेटीसमोर माश्या चालत होत्या. उडत नव्हत्या. कोवळ्या, फिक्या, नुकत्याच घराबाहेर आलेल्या. फळीवरून पडायच्या, पुन्हा चढायच्या. झाकण उघडलं. चौकटी मधाने जड. पिल्लांची घरं मात्र अर्धी रिकामी.
साखरेचा पाक मी घालतेच आहे, गणपतीपासून. उपाशी कशा असतील?

२१ नोव्हें.
ताईची मुग्धा पुण्याहून आली. प्रयोगशाळेत कीटकांवर काम करते. पिल्लांना भरवणाऱ्या माश्या तेवढ्या वेचल्या, बर्फावर ठेवल्या. मानेमागे केसाएवढी काचेची नळी. थेंब आला. पाण्यासारखा.
"हे रक्त?"
"हेच. लाल नसतं, मावशी. यातली प्रथिनं बघायची."
आप्पा ओट्यावरून सगळं पाहत होते. सासरे असले तरी मस्करी सोडत नाहीत. "माशीचं कसलं काढतेस गो? माझं काढ. साखर तरी कळेल."

२२ नोव्हें.
मु.बरोबर हेदवीला, शैलावन्संकडे. तीन नंबरची वसाहत फोडून गेल्या वर्षी एक पेटी त्यांना दिली होती. जात तीच, म्हणून मु.ला तुलनेला हवी.
परसात कंबरभर रान. लाजाळू, कुर्डू, रानतुळस. आप्पा लेकीकडे येतात ते फाटकातूनच ओरडत : "शैले, वाट दाखवायला माणूस पाठव!" वन्सं हसून सांगत होत्या.
इथल्या माश्यांच्या पायांवर परागाचे पिवळे गोळे. आमच्याकडे शेवटचे कधी पाहिले? आठवेना.

२६ नोव्हें.
मु.ने फोटो पाठवला. नळ्यांच्या दोन रांगा. द्रावण मुळात तपकिरी, प्रथिनं असली की निळं होतं. हेदवीची रांग निळी.
आमची तपकिरी. सगळी.
फोन केला. काही घालायला विसरलीस का, असं विचारलं.
"दोनदा केलं, मावशी. त्यांचं पोट भरलंय, पण रक्तात काही उरलं नाही. पाकात नुसती साखर. प्रथिनं परागातून येतात. पराग नसला की त्या स्वतःच्या अंगातलं काढून पिल्लांना भरवतात."
"आणि ते संपलं की?"

पाकाचा डबा हातात होता. खाली ठेवायचं सुचलं नाही.
खिडकीतून बाग दिसते. दिवाळीनंतर बेणून घेतलेली, सगळं रान-गवत कापून. आंब्याच्या कलमांखाली गवताची काडी नाही, फूल नाही. आजूबाजूच्या बागाही तशाच. येणारे-जाणारे नाव काढतात.

२७ नोव्हें.
आप्पांना फोटो दाखवला. फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.
"निळ्या त्या शैलीच्या? त्या रानातल्या?"
हो म्हटलं.
त्यांनी पुन्हा तेच विचारलं.
दगडी गडग्यालगतचा वरचा पट्टा अजून बेणायचा आहे. लाजाळू फुललेली आहे तिथे. तेवढा राखू या, मी म्हटलं. या पेट्या जायच्या नाहीतर.
"तू वणवा बघितला नाहीस गो. त्याच बाजूने आलेला. उभी कलमं पेटली. पानं तडतडतात, तो आवाज…"
 मी या घरात येण्याआधीची गोष्ट. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांना टापटिपीची हौस आहे.
जेवताना म्हणाले, "परवा माणसं येतायत बेणायला. सांगून ठेवलंय."
पेट्यांचं नाव नाही.

२९ नोव्हें.
तीन नंबर शांत. झाकण उघडलं नाही. हिंमत नाही.
माणसं आली. गवत कापायचं यंत्र पट्ट्याच्या खालच्या टोकाला सुरू झालं. आप्पा चहा न घेता वर गेले. गडग्यावर बसले, पट्ट्यात पाय सोडून. पायांशी लाजाळू, तिच्यावर माश्या. थोड्याच.
यंत्रवाला ओरडला, "आप्पा, उठा हो! दगड उडेल!"
"उडू दे. तुझं चालू दे."
वाकून त्यांनी गवताची एक काडी तोडली. बोटांत चुरली. नाकाशी नेली. दुसरी तोडली. किती वाळलंय, पेट घेईल का, ते बघत असावेत.
यंत्र शेवटच्या कलमापाशी आलं आहे. आप्पा अजून उठलेले नाहीत.