डाव्या डोळ्याची पापणी

२६ फेब्रुवारी, मंगळवार

मिग्लेनानं आज पुन्हा समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या टाकल्या! वीस वर्षं सांगतेय — घरातून आरपार वारा जाऊ देऊ नये, माणूस वाकडं होतं. पण सुनेला कान आहेत ते फक्त झुमके अडकवायला. सकाळी उठले तर माझी डावी पापणी खाली पडलेली. दुकानाचं शटर अर्धं ओढावं तशी. बोटानं वर केली, सोडली, पुन्हा खाली.

"आई, वाऱ्यानं पापणी पडत नाही," म्हणाली.

माझ्या सासूचं तोंड वाऱ्यानंच वाकडं झालं होतं. निम्म्या गावाच्या कमरा वाऱ्यानं गेल्यात. पण ही शिकलेली ना.

वही बिल्यानाची आहे, नातीची. अर्धी कोरी राहिली होती. "आजी, कधी काय झालं ते लिहून ठेव, डॉक्टर विचारतात." मी चौथीपर्यंत शिकले. भांडण्यापुरतं लिहिता येतं. लिहिते.

२७ फेब्रुवारी

घरच्या राकियात फडकं भिजवून डोळ्यावर बांधलं. दारू वाया, डोळा तसाच.

२८ फेब्रुवारी

डोळ्याच्या मागे ठणकतंय. एकाचे दोन दिसतात. एक मिग्लेना पुरे नव्हती.

दुपारी आरशात नीट पाहिलं. रुसाना दिसली. माझी धाकटी बहीण — जाऊन चाळीस वर्षं झाली. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

१ मार्च, शुक्रवार

बिल्यानानं माझ्या उजव्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला. आज मार्चचा पहिला दिवस, करकोचा दिसेपर्यंत दोरा काढायचा नाही. मग दोघींनी मला गाडीत कोंबून प्लोव्हदिवला, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

एका नळीत झोपवलं. आत ठोकठोक — बाहेर कुणीतरी बादली बडवतंय असं. नंतर डॉक्टरीण आली. काराजोवा नाव. तिशीची असेल, काडीसारखी, हिला कुणी जेवायला घालत नाही बहुतेक. पडद्यावर माझं डोकं दाखवलं. डोळ्याच्या मागच्या शिरेला फुगा आलाय म्हणे, हरभऱ्याहून मोठा. सायकलची ट्यूब कमजोर जागी फुगते तसा. तो डोळ्याच्या नसेवर दाबतो, म्हणून पापणी खाली.

"आजच दाखल व्हा," म्हणाली.

"आज नाही. दहा तारखेला माफीचा रविवार आहे. घरात मोठी मीच. माणसं माझी माफी मागायला येतात. मी नसले तर कुणाची मागतील?"

"आजी, फुगा फुटला तर माफ करायलाही उरणार नाही तुम्ही."

तोंडाळ आहे. चेहऱ्यावरून वाटत नाही.

माझ्या जबाबदारीवर घरी जाते असं माझ्याकडून लिहून घेतलं. रागानं पेन टेबलावर आपटलं तिनं. पाच तारखेपासून दोन गोळ्या, रक्त पातळ करायच्या. त्या चुकल्या तर शिरेत जी तारेची जाळी बसवणार आहेत ती रक्तानं तुंबेल. अकरा तारखेला बिछाना. झाहारी — माझा मुलगा, जर्मनीत ट्रक हाकतो — फोनवर म्हणाला, "आई, ऐक त्यांचं." हजार कोसांवरून सगळेच शहाणे.

५ मार्च

दोन्ही गोळ्या घेतल्या. मिग्लेना समोर उभी राहून गिळताना बघते. म्हटलं, तोंड उघडून दाखवू, बैलासारखं? म्हणाली, "दाखवा." दाखवलं.

७ मार्च

दोन्ही गोळ्या. हात कुठेही टेकला तरी निळा पडतोय. दुकानात स्तोयना म्हणाली, "गेना, डोळा असा, हात असे — सून मारते काय गं?" शेजारीण आहे, जिभेला हाड नाही. मी म्हटलं, तिची ताकद नाही. पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं असणार. या गावाला एक पापणी पुरते.

१० मार्च, माफीचा रविवार

सकाळी दोन्ही गोळ्या.

बिल्याना आली, हाताचं चुंबन घेतलं. "माफ कर आजी." "देव माफ करो, माफ आहे." मग मिग्लेना. तिलाही तेच म्हटलं, म्हणायचं असतं म्हणून. रिवाजाप्रमाणे शेजारच्या पोरांनी हलव्याचा तुकडा दोऱ्याला टांगला आणि हात न लावता तोंडानं पकडण्याचा धिंगाणा केला. चीजची बनित्सा मिग्लेनानं करपवली. खालून. वरून छान दिसत होती — तिच्यासारखीच.

चार वाजता तो आला. मेतोदी, रुसानाचा नवरा. दर वर्षी या दिवशी येतो, फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभा राहतो. आत पाऊल टाकत नाही, तेवढी अक्कल आहे.

"गेनाताई, माफ कर."

मी दर वर्षी दार लावते. उत्तर देत नाही. का द्यावं? रुसाना एकोणतिसाची होती. आठवडाभर तिचा डोळा बंद होता. मी विचारलं, त्यानं मारलं का? म्हणाली, नाही गं, असाच बंद झाला. नवऱ्याला झाकणाऱ्या बायका मी कमी पाहिल्यात? मग ऑगस्टमध्ये, आम्ही दोघी शेडमध्ये तंबाखूची पानं दोऱ्यात ओवत बसलो होतो, तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं, ओकली आणि आडवी झाली. सुई हातातच होती. गावचा डॉक्टर म्हणाला, डोक्यात रक्त. डोक्यात रक्त मारल्याशिवाय येतं? मिलिशियापुढे, तेव्हाच्या पोलिसांपुढे, साक्ष मी दिली. मेतोदी तीन वर्षं आत होता. कमीच होती.

निर्दोष असता तर चाळीस वर्षं माफी मागत आला असता का?

हे मी जेवताना म्हणाले. मिग्लेना म्हणाली, "आई, आज सगळेच मागतात. धाकटे थोरल्यांची मागतात. मीही तुमची मागितली — मी काय केलंय?"

"तू खिडक्या उघडतेस."

पण या वर्षी एक झालं. मी दार लावणार तेवढ्यात त्यानं माझ्या डोळ्याकडे पाहिलं. टोपी पडली त्याच्या हातातून. उचललीही नाही.

"ताई, हा कधीपासून असा आहे?"

"तुला काय करायचंय?"

"दवाखान्यात जा. आज जा. थांबू नकोस गं." आणि फाटकाचा खांब धरून तिथेच खाली बसला, सत्तरीचा बाप्या.

मला सल्ला देतो! दार लावलं. नंतर त्यानं मिग्लेनाला दोनदा फोन केला. तिनं उचलला. घरात साप पाळलाय मी.

११ मार्च

दवाखाना. शेजारच्या बिछान्यावर एक शिक्षिका, झोपेतही चुका काढते. काराजोवानं जाळी दाखवली, नमुन्याची. केसापेक्षा बारीक तारांची विणलेली नळी. मांडीतून किंवा मनगटातून शिरेत बारीक नळी घालतात, डोक्यापर्यंत नेतात आणि ही जाळी फुग्याच्या तोंडावर नेऊन उघडतात. रक्त जाळीतून सरळ पुढे जातं, फुग्यात फिरत नाही, फुगा आतल्या आत थिजून सुकतो. डोकं उघडत नाहीत.

मी मोज्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. बोटावर फिरवून पाहिली. वीण बरी आहे. हे तिला सांगितलं नाही, उगाच चढून बसेल. "कुणी विणली?" विचारलं. म्हणाली, यंत्रानं. म्हटलं, वाटलंच.

नर्स कात्री घेऊन आली — "हा दोरा काढायचा, या मनगटातून जायचंय." मी म्हटलं, करकोचा दिसलेला नाही, हात लावलास तर चावेन. डॉक्टरीण आली, बघितलं, म्हणाली, "राहू दे. मांडीतून जाऊ." नर्सचं तोंड बघण्यासारखं झालं.

एका कागदावर सही. त्यात लिहिलंय लकवा होऊ शकतो, वाचा जाऊ शकते, मरण येऊ शकतं. मिग्लेना वाचताना रडायला लागली. म्हटलं, वाचा गेली तर तुझीच चांदी आहे, रडतेस कशाला?

१३ मार्च

काल केलं. काही आठवत नाही. एक बाई म्हणाली, दहा आकडे मोजा. तीनपर्यंत गेले. जागी झाले तर काराजोवा तोंडावर वाकून — "आजी, नाव सांगा. हात वर करा. हसून दाखवा."

"हसण्यासारखं काय आहे?"

ती हसली. म्हणाली, वाचा शाबूत आहे.

मांडीवर जड पट्टी, पाय हलवायचा नाही. सूप म्हणून जे दिलं त्याला डुक्कर तोंड लावणार नाही. पापणी अजून खालीच. महिने लागतील म्हणे.

१४ मार्च

आज काराजोवा वही-पेन घेऊन बसली. विचारते, घरात आणखी कुणाला असं होतं का. आई? भाऊ-बहीण? कारण हे फुगे घराण्यात असतात, झाहारीला आणि बिल्यानाला तपासायला पाहिजे.

म्हटलं, आई म्हातारी होऊन मेली. बहिणीला नवऱ्यानं मारलं.

"कसं?"

"डोक्यावर. आठवडाभर डोळा बंद होता. मग एक दिवस डोकं धरून पडली."

"डोळ्याभोवती काळंनिळं होतं? सूज?"

"नव्हती."

"फक्त पापणी खाली?"

मी माझ्या पापणीला हात लावला.

तिनं पेन खाली ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं. म्हणाली, "आजी, तुमच्या डोळ्यावर कुणी मारलं?"

१५ मार्च

दोन्ही गोळ्या घेतल्या.

१७ मार्च

घरी आणलं. वाटेत स्तोयना भेटली. म्हणाली, "डोळा कसा आहे? सून बदलली का?" मी तिला म्हटलं, तुझी जीभ एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल. ती फिदीफिदी हसली. मग माझ्याच तोंडात ते वाक्य कडू झालं.

मिग्लेनानं दोन्ही खिडक्या उघडल्या. मी काही बोलले नाही. ती घाबरून डॉक्टरला फोन करायला निघाली.

१८ मार्च

बिल्याना तपासून आली. तिला काही नाही. झाहारी जर्मनीत करून घेणार आहे. बिल्याना म्हणाली, "आजी, रुसाना आजीच्या वेळी हे असतं तर ती वाचली असती ना?" म्हटलं, तिच्या वेळी आमच्याकडे अॅस्पिरिनही वशिल्यानं मिळायची. पण निदान कुणाचं तरी घर वाचलं असतं.

"कुणाचं?"

म्हटलं, झोप जा.

२० मार्च

दोन्ही गोळ्या. आरसा सरळ केला. पापणी जराशी वर येते आता. रुसानाच्या पापणीला तेवढा वेळ मिळाला नाही.

"असाच बंद झाला," म्हणाली होती ती. माझ्या तोंडावर सांगितलं होतं. मी तिला खोटारडी म्हटलं. शेवटच्या आठवड्यात माझ्याशी नीट बोलली नाही ती. तंबाखू ओवताना शेजारी होतो, तरी नाही.

२२ मार्च

मिग्लेनाला विचारलं, मेतोदी फोनवर काय म्हणाला त्या दिवशी. म्हणाली, "आई, एवढंच म्हणाला — तिला उचलून न्या, भांडली तरी न्या. मी त्या वेळी रुसानाला उद्या नेऊ म्हणालो होतो, तंबाखू वाळत होता." आणि दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा विचारलं, नेलं का. बस.

त्याची माफी त्या "उद्या नेऊ"साठी होती. चाळीस वर्षं. आणि मी दार लावत होते.

२४ मार्च, रविवार

हे कुणालाच सांगितलेलं नाही, इथे लिहिते. मिलिशियाला मी सांगितलं होतं की त्याला मारताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी काही पाहिलं नव्हतं.

माफीचा दिवस गेला, जाऊ दे. थोरल्यानं धाकट्याची मागायची नसते, नसू दे. दुपारी मेतोदीच्या फाटकाशी जाते. मिग्लेना गाडी चालवेल, पण गाडीतच बसेल. कुणी मध्ये पडायचं नाही, "जाऊ दे ताई, म्हातारपण" म्हणायचं नाही, माझ्या बाजूनं एक शब्द बोलायचा नाही. उत्तर मेतोदीनंच द्यायचं. हवं तर दार लावून.