मागे उभं राहणारं कुणी

दि. २६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहायला बसलो की शिवणयंत्राचा पट्टा तुटतो, हा आपला जुना अनुभव. म्हणून आज तो तुटल्यावरच बसलोय. आता मध्येच उठायची भीती नाही.

दुकान बरं चाललंय. लोक अजून कपडे घालतात, ही देवाची कृपा. घराचं मात्र काही खरं नाही. तुझी भावजय गेल्यापासून खारू स्वतःची वेणी स्वतः घालते आणि भांग असा वाकडा काढते, की कापडावर जन्मभर सरळ रेघा मारणाऱ्या माझ्यासारख्याला बघवत नाही. एकदा नीट करून द्यायला गेलो तर म्हणाली, राहू द्या बाबा, आईचा हात वेगळा होता. त्यानंतर मी कंगव्याला शिवलो नाही.

शाळेतून येते ती दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर बसून राहते. सारखं काहीतरी कुरतडत असायची म्हणून आपण तिला खारू म्हणायला लागलो. आता शेंगदाण्यांची पुडी आणून ठेवली तर तशीच पडून राहते.

मनातलं सांगतो. तिला तुझ्या शाळेच्या हॉस्टेलात घे. अभ्यास होईल, प्रार्थनेची सवय लागेल, चार मुलींची सोबत मिळेल, हे सगळं खरं आहे. पण तुला फसवत नाही, मला तिच्यासाठी शाळा नकोय, तू हवी आहेस. आईच्या जागी बघावं असं तिला आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

पट्टा बसवणारा आला, थांबतो. माझ्यावरचा लोभ निम्मा केलास तरी चालेल, उरलेला तिला दे.

तुझा,
धाकटा


दि. ३ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मुख्याध्यापिका सिस्टरांशी बोलले. आठवीत जागा आहे. गणवेश तूच शिव. पोर वाढत्या अंगाची आहे, तेव्हा आत दुमड ठेव. पण शिकाऊ असताना माझ्या फ्रॉकला ठेवली होतीस तेवढी नको. त्यात माझ्याबरोबर आणखी एक बहीण मावली असती.

एक अट आहे, ती शांतपणे वाच. फाटकाच्या आत मी तिची आत्या नाही, सिस्टर. आमचं नातं इथं कुणाला कळता कामा नये. लगेच तोंड फुगवू नकोस. माझ्या हॉस्टेलात अशा मुली आहेत ज्यांना सुट्टीतही न्यायला कुणी येत नाही. त्यांच्यातल्या एकीलाच आत्या असली तर बाकीच्यांनी माझ्याकडे कोणत्या तोंडानं यायचं? व्रत घेताना मी सगळ्यांची व्हायचं कबूल केलंय. आणि मी स्वतःला पुरती ओळखते. एकदा तिला जवळ घेतलं तर पुन्हा खाली ठेवणं मला जमायचं नाही.

माझी माया कमी होणार नाही, फक्त दिसणार नाही. खारूला हे तू समजावून सांग. तुझी बायको होण्याआधी तिची आई माझी बाकावरची सोबतीण होती, हे मी विसरलेले नाही. लग्न जमवून दिलं म्हणून तुम्ही दोघं मला घड्याळ देणार होतात, तेही विसरलेले नाही.

प्रार्थनेत तुम्ही दोघं रोज असता. तुझ्या बहिणीवर राग धरू नकोस.

तुझी,
ताई


दि. २० जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी इथं मजेत आहे. सगळ्या मुली पहिली ओळ हीच लिहितात, म्हणून मीही लिहिली.

माझी खाट खिडकीजवळ आहे. खिडकीतून भांडी घासायचा हौद आणि चॅपेलची मागची भिंत दिसते. चॅपेलमधला आमचा बाक करकरतो, त्यामुळे आमच्या ओळीतलं कुणी मिस्साच्या प्रार्थनेच्या वेळी हललं की फादरांना कळतं. धर्मशिक्षणात मला बरे गुण पडले. शिवणबाईंनी माझ्याकडून एक काजं करून घेतलं आणि हा हात घरून आलेला दिसतो असं म्हणाल्या. मी फक्त हसले.

सिस्टर आम्हाला गणित शिकवतात. माझी एकदाही चूक झालेली नाही, म्हणजे गणितात नाही, हाक मारण्यात. पहिल्या आठवड्यात जीभ सारखी ‘आत्या’तल्या ‘आ’वर जायची, मग मी ती दातांत धरायची. आता धरावी लागत नाही.

मध्ये ताप आला होता, आता उतरलाय, काळजी करू नका. आजारी मुलींच्या खोलीत सिस्टर आल्या होत्या. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. मग शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या कपाळावरही तेवढाच वेळ ठेवला. तिला ताप नव्हता, तिचा पाय मुरगळला होता.

गणवेशाची दुमड अजून सोडावी लागलेली नाही. तुमचं माझ्यावर जेवढं लक्ष तिथं होतं तेवढंच इथंही असू द्या.

तुमची,
खारू


दि. १२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भेटून आल्यापासून कात्री नीट चालत नाही. पाहुण्यांच्या त्या खोलीत आपण तिघंच होतो, दार लावलेलं होतं. तरी खारू तुला सिस्टर म्हणाली आणि तू आत आलीस तेव्हा उठून उभी राहिली. घरी हीच पोरगी अगं आत्या, ऐक ना, म्हणून तुझ्या पाठीवर लोंबकळायची. तू कौतुकानं तिच्याकडे बघितलंस. मी मात्र खिडकीकडे तोंड फिरवलं.

तुझ्या अटीबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही, आताही भांडत नाही. एकच मागणं आहे. खारूनं सांगितलं, की नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, ज्यांच्या घरातलं कुणी गेलंय त्या मुली चॅपेलमध्ये मेणबत्ती लावतात, आणि लावणारीच्या मागे तिचं आपलं माणूस खांद्यावर हात ठेवून उभं राहतं. तुमच्याकडे कुणालाही एकटं उभं करत नाहीत म्हणे. फार चांगली रीत आहे.

मी आलो असतो, पण त्याच दिवशी एका लग्नाचे सगळे कपडे द्यायचे आहेत आणि नवरदेव थांबायला तयार नाही. तू तिच्या मागे उभी राहा. तेवढ्यापुरती आत्या हो, मग पुन्हा सिस्टर. खारूनं मला हे सुचवलेलं नाही. मी विचारलं कोण उभं राहील, तर ती म्हणाली, बघू.

जास्त बोललो असलो तर धाकटा म्हणून पोटात घाल.

तुझा,
धाकटा


दि. ४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुला कळायच्या आत मीच सांगते.

मी उभी राहणार होते. तुझं पत्र आल्यापासून माझं ठरलं होतं. पण खारूला आधी सांगितलं नाही. वाटलं, ऐन वेळी मागे जाऊन उभी राहीन, तिला आनंद होईल. त्या दिवशी गाणाऱ्या मुलींबरोबर मी पेटीवर होते. फादर यंदा नवीन आहेत. त्यांना कुणाचं कोण हे माहीत नाही, म्हणून ते येणाऱ्या प्रत्येक मुलीला विचारत होते, की तुझं इथं कोण आहे. कुणाची मोठी बहीण उठायची, कुणाची आई.

खारू पुढं गेली. आईचं नाव तिनं नीट, मोठ्यानं घेतलं. फादरांनी विचारलं. तिनं पेटीकडे पाहिलं. चांगलं थांबून पाहिलं, धाकट्या. मग फादरांकडे वळून म्हणाली, इथं माझं कुणी नाही.

आणि तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं ते तुला सांगायलाच हवं. मला अभिमान वाटला. पोरगी दिल्या शब्दाला जागली, असं वाटलं. तो विचार मनातून जाईपर्यंत शिवणबाई बाकावरून उठल्या होत्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. माझी बोटं पेटीवर चालूच होती. मी सूरही चुकले नाही.

संध्याकाळी तिला माझ्या खोलीत बोलावलं. मागितली काय, तर गणिताची वही. ती आणून देऊन निघून गेली. तिच्या आईसाठी मी अजून सगळ्यांसमोर रडलेले नाही. त्या रात्री पहिल्यांदा रडले, तेही चॅपेल रिकामं झाल्यावर.

तू ये आणि मला हवं ते बोल. आता तुझ्याकडे माया मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
ताई


दि. २१ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खारूला घेऊन सुखरूप पोचलो. फाटकापर्यंत तू आमच्याबरोबर आलीस, तिची ट्रंक उचललीस, सगळ्या मुलींसमोर तिला जवळ घेतलंस. ते मी पाहिलं आणि तिनंही पाहिलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, की आता बाकीच्या मुलींना वाईट वाटेल.

तुला बोलायला आलो होतो, पण तुझा चेहरा पाहिल्यावर खारूचं सामान बांधायला घेतलं. राग आहे, खोटं कशाला सांगू. पण तू वाईट वागलीस असं मला म्हणता येत नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. तू आम्हाला परकी नव्हतीस आणि कधी होणारही नाहीस. पण तिला परत पाठव असं आता लिहू नकोस. ती इथल्याच शाळेत जाईल आणि संध्याकाळी दुकानात बसेल. भांग वाकडा असेना का.

तिला पत्र लिही. मी वाचणार नाही.

तुझा,
धाकटा


दि. २८ नोव्हेंबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद आणि पापा.

मला तुझी माफी मागायची आहे. मी तुला शब्द पाळायला लावला आणि तू पाळलास, माझ्यापेक्षा चांगला पाळलास. त्या दिवशी तू पाहत होतीस तेव्हा मी उठायला हवं होतं. मला उठायचंच होतं. आता तू हवं तेव्हा, हव्या तेवढ्या मोठ्यानं मला आत्या म्हण. मुख्याध्यापिका सिस्टरांना मी सगळं सांगितलंय. मुलींनाही सांगितलंय. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं.

पुढच्या वर्षी ये. नुसती मेणबत्ती लावायला ये. मी मागे उभी राहीन.

पत्र पाठव, दोन ओळींचं असलं तरी चालेल. माझ्यावर थोडी माया राहू दे.

तुझीच,
आत्या


दि. ९ डिसेंबर

आदरणीय सिस्टर यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मी इथं मजेत आहे. नवीन शाळेत गणित सोपं आहे, तुम्ही शिकवलेलं पुरतं. बाबांनी माझ्या गणवेशाची दुमड सोडली, इथंही तोच चालतो. काजं आता मीच करते.

मी तुमच्यावर रागावलेली नाही. बाबा म्हणाले, पत्रात आत्या लिही, तिला बरं वाटेल. मी एका कागदावर लिहून पाहिलं. मग दुसऱ्या कागदावर पाहिलं. लिहिता येतं, पण वाचलं की कुणा दुसऱ्या मुलीचं पत्र वाटतं. म्हणून हे असंच लिहिलंय. पुढे कधी जमलं तर लिहीन.

पुढच्या वर्षी मला यायला जमणार नाही. आईसाठी मेणबत्ती माझ्याऐवजी तुम्ही लावा. ती तुमची मैत्रीण होती, तेव्हा फादर नाही म्हणणार नाहीत. फक्त मागे कुणाला तरी उभं राहायला सांगा. शिवणबाईंना विचारलं तर त्या येतील. कुणी नसलं की पाठीला फार गार वाटतं.

शिवणबाईंना माझा नमस्कार सांगा. सगळ्या मुलींवर असतो तेवढा लोभ माझ्यावर असू द्या.

आपली विद्यार्थिनी,
पूर्वी इयत्ता आठवी