चार दारांची
मंगळवार, ३ मार्च

दादा गाडी विकतोय! अण्णांची गाडी! मला कळलं ते वहिनीच्या तोंडून निसटलं म्हणून. "शनिवारी ते गृहस्थ येणार ना गाडी बघायला," म्हणाली आणि जीभ चावली. मी कात्री टेबलावर आपटली. गिऱ्हाइकाच्या सीटचं कातडं तसंच अर्धवट राहिलं.

बुधवार, ४ मार्च

दादाला फोनवर चांगलं फैलावर घेतलं. बाप जिवंत आहे अजून, म्हटलं! तर म्हणतो, "अण्णांपाशी विषय काढू नकोस. त्यांना त्रास होईल." वा रे वा. गाडी त्यांची, आणि विषय त्यांच्यापाशी काढायचा नाही! 

शनिवार, ७ मार्च

आला तो गृहस्थ. जुन्या युरोपियन गाड्या जमवतो. अण्णा आत पडून होते. हा सरळ बॉनेट उघडून बॅटरीच्या उजेडात इंजिनाचा नंबर वाचायला लागला. मागचं दार उघडूनसुद्धा बघितलं नाही. मी दोनदा शिवलेल्या सीटा त्या, एकेक टाका हाताचा!

त्याच्याकडे याच कंपनीची, याच साली निघालेली दोन दारांची आहे. तिचं इंजिन तडकलंय. म्हणून त्याला आमचं इंजिन हवं, गिअरबॉक्स हवा, समोरची वेगाची-पेट्रोलची घड्याळं हवीत.

"आणि बाकीची?"

"बाकीची भंगारात, ताई. चार दारांच्या गाडीला कोण विचारतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, इंजिन तेच, चाकं तीच, तुमची सोन्याची आणि आमची भंगार, असं का? त्याला तेवढंच पाहिजे होतं. स्टूल ओढून बसला. दोन दारांच्या म्हणे नऊशेच बनल्या. त्या शर्यतीत धावल्या. "शाळेत असताना आम्ही तिची चित्रं वहीवर चिकटवायचो. चार दारांचं चित्र कोण चिकटवणार? ती घेऊन वडील ऑफिसला जायचे."

म्हणजे एवढंच! वहीवर चित्रं चिकटवणारी पोरं आता साठीला आली, हातात पैसा आला, म्हणून भाव. चौघं नीट बसतात ती स्वस्त, दोघं गुडघे हनुवटीला लावून बसतात ती महाग. जिनं आम्हाला शाळेत सोडलं, टपावर गाद्या वाहिल्या, घर बदललं — तिची किंमत शून्य.

रविवार, ८ मार्च

दर रविवारसारखी गाडी चालू करून दहा मिनिटं तशीच ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी अण्णांचं चालवणं बंद केल्याला दोन वर्षं झाली. दादाशी बोलणं बंद. वहिनीशीही.

मंगळवार, १० मार्च

आज आणखी एक शहाणा दुकानात आला. त्याच्या गाडीची सीट फाटलीय. ती फाटकीच राहायला हवी, फक्त आणखी फाटू नये! "कंपनीतून निघालेलं कातडं आहे हो. नवं घातलं की भाव पडतो." वीस वर्षं मी फाटकं शिवतेय, आणि आता फाटक्यालाच मान! तुम्हीच शिवा, म्हटलं. गेला तणतणत. जाऊ दे.

गुरुवार, १२ मार्च

दादा अण्णांची औषधं द्यायला आला. अंगणातच गाठला. "गाडीखाली झोपून हात कधी काळे केले नाहीस, विकायला मात्र पुढे! आईला याच मागच्या सीटवर झोपवून दवाखान्यात नेलं होतं ना रे? विसरलास?" शेजारीण दारात येऊन उभी राहिली. राहू दे.  "झालं बोलून?" दादा म्हणाला आणि औषधांची पिशवी माझ्या हातात देऊन निघून गेला.

पाच मिनिटं बरं वाटलं. नंतर नाही वाटलं.

शुक्रवार, १३ मार्च

उद्या गाडी न्यायला माणसं येणार. बास आता! सकाळी चहा देताना अण्णांना सगळं सांगणार. त्यांनी एकदा आवाज चढवला की दादाची काय हिंमत होते ते बघू.

शनिवार, १४ मार्च

अण्णांनीच बोलावलं होतं त्या गृहस्थाला. फोन त्यांचाच. दादाला म्हणाले होते, "तिला कळू देऊ नकोस. आकांडतांडव करेल, आणि मग माझंच मन फिरेल."

जन्मभर गॅरेजात त्यांनी हेच केलं — लोकांच्या चार दारांच्या गाड्या खोलून त्यांच्या भागांवर दोन दारांच्या चालत्या ठेवल्या. तेवीस गाड्या. मला आजवर माहीतच नव्हतं! "इथं उभी राहून गंजेल. त्याच्या गाडीत आपलं इंजिन धावेल तरी," म्हणाले. "पण परक्याला हात लावू देणार नाही. पान्हे आण."

दुपारपर्यंत इंजिन बाहेर काढलं. अण्णा चाचपून पान्हा लावत होते, मी नट धरून ठेवत होते. कप्पीची साखळी दादाने ओढली. दहा दिवसांत तोंडाला येईल ते बोलले त्याला, पण अण्णांनीच सांगितलंय हे तो एका शब्दाने बोलला नाही. आज तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.