नॅटचा डावा पंख

१२ जानेवारी, रवि.
सुकापूरला सायमन काकांकडे. आईची शाळेतली मैत्रीण रिबेका काकू, त्यांचे यजमान. दोघं महिनाअखेरीनंतर कधीही निघतील, मुलाकडे इस्रायलला, कायमचे. निम्मं घर खोक्यांत. मी विमानांची मॉडेलं करते हे काकूंना आईकडून कळलेलं. "माधवी, ह्यांना एक नॅट विमान करून दे गं. एकाहत्तरच्या लढाईत हे एअर फोर्समध्ये रंगारी होते. नातवंडांना दाखवायला होईल."
मी निघताना काका म्हणाले, "करणार असशील तर बरोब्बर कर. नाहीतर खेळणी बाजारात मिळतात."
म्हातारा आवडला.

१५ जाने., बुध.
काकांनी दिलेला फोटो कृष्णधवल, पोस्टकार्डापेक्षा लहान. विमान उजव्या बाजूने. हिरवा काय, खाकी काय, सगळं राखाडी. शेपटीजवळच्या नंबरातला शेवटचा आकडा ३ की ८? ऑफिसात क्लेमच्या फायलीतही तेच दिसत होतं.
मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. सात जण, आठ मतं. एक जण ठासून म्हणतो, त्या तळावरची नॅट चंदेरीच होती, रंगवलीच नव्हती.
काकांना फोन केला. "चंदेरी? मग महिनाभर माझ्या नखांतून काय निघत होतं?"

१९ जाने., रवि.
खाकी म्हणजे नेमका कसला, विचारलं तर म्हणाले, "आपट्याला नदीकाठचा गाळ सुकला की होतो ना, तसा." त्यांचं मूळ गाव. आडनावही आपटेकर.
मग काय, सुधीरला घेऊन स्कूटरवर आपटा. पाताळगंगेच्या काठावर मी डबीत गाळ भरतेय आणि हा नवरा म्हणून ओळख न दाखवता लांब उभा. कपडे धुणारी बाई हसली. "चिखल कशाला नेताय बाई? आमी तर धुऊन काढतो."
घरी गाळ उन्हात वाळवला. रंग मिसळत बसले. फार पिवळा, फार लाल, फार पिवळा. सहाव्या वेळी जमला.

२६ जाने., रवि.
रंगाची पट्टी काकांनी खिडकीशी नेली. एक डोळा मिटून पाहिली, मग दुसरा. "हाच." पाणी पुसलं. मोतीबिंदूचं, म्हणाले.
नंबराचा शेवटचा आकडा ८. त्यांनी न बघताच सांगितला.

२ फेब्रु., रवि.
काकू बाजारात गेल्या होत्या. काकांनी दार लावून घेतलं, आणि मग बोलले ते असं —
चमकणारी विमानं शत्रूला वरून दिसू नयेत म्हणून घाईने ब्रशने रंगवायची होती. हाताशी आलेला रंग ग्लॉस, म्हणजे चकचकीत होता, म्हणून वरून चकाकी घालवणारा मॅट हात द्यायचा. ह्या विमानाच्या डाव्या पंखापाशी आले तोवर अंधार पडला. "सकाळी उठून करीन म्हटलं. उठलो तर विमान धावपट्टीवर."
ते परत आलं नाही.
"ऊन होतं त्या दिवशी," म्हणाले. "स्वच्छ ऊन."
काकूंना माहीत नाही. कोणालाच नाही. चोपन्न वर्षं.
मी उठून चहाचे कप विसळले.

६ फेब्रु., गुरु.
ह्या विमानाचे आणखी तीन फोटो मिळाले. तिन्ही उजवीकडून! डावी बाजू कोणी काढलीच नाही. त्या तळावरच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांचा पत्ता ग्रुपवरून मिळाला, त्यांना सविस्तर मेल. पंखाचं फक्त 'रंगकामाची माहिती हवी' असं लिहिलं.

९ फेब्रु., रवि.
उत्तर आलं. सज्जन माणूस. लिहितात: ते विमान का पडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. रंग घाईतलेच होते, बरीच विमानं कुठे ना कुठे चमकायची, त्याकडे कोणाचं लक्षही नसायचं.
धावत सुकापूर. काकांना वाचून दाखवलं. वाटलं होतं, सुटतील.
त्यांनी सगळं ऐकलं. "साहेब मोठ्या मनाचे आहेत. पण पंख त्यांच्याकडे नव्हता, माझ्याकडे होता."

१३ फेब्रु., गुरु.
दोन जादा पंख, एक मॅट, एक ग्लॉस. चमक लांबून दिसते का बघायला सकाळी गच्चीवर मी, खाली गेटपाशी सुधीर.
"दोन्ही सारखेच दिसतात. थांब, जरा हलव... हां, आता एक चमकला."
ह्यातून काय सिद्ध होतं? काहीच नाही. सुधीर म्हणाला, "सगळीकडे मॅट मारून दे. म्हातारा सुखाने जाईल."
खरंच दोन मिनिटांचं काम. मॅटची बाटली उघडली. उघडीच ठेवून ऑफिसला गेले, संध्याकाळी बघते तर अर्धी सुकलेली.
बरोब्बर कर, म्हणाले होते. सुखाने जाऊ दे, असं नव्हते म्हणाले.
डावा पंख ग्लॉस ठेवला.

१६ फेब्रु., रवि.
त्यांच्याकडे मलिदा होता, बेने इस्रायलींचा प्रार्थनेचा विधी, प्रवास सुखरूप व्हावा म्हणून. गोड पोहे, फळं, वीसेक माणसं, निरोपाची रडारड. गर्दीत काकांच्या हातात विमान दिलं. वीतभर लांबीचं ते, त्यांनी दोन्ही तळव्यांवर घेतलं. हळूहळू कलतं केलं. डावा पंख उजेडात आला.
मग एवढंच, "हो. असंच होतं."
आभार वगैरे नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला. बरं केलं की वाईट, मला अजून कळत नाही. रात्रभर टोचत राहणार.

१८ फेब्रु., मंगळ.
दुपारी ऑफिसात रिबेका काकूंचा फोन. विमान कापसात गुंडाळत होत्या.
"माधवी, रागावू नको हं. सुरेख झालंय. पण डाव्या बाजूला तुझा हात द्यायचा राहिला का गं? उजवीकडे कसं छान, इकडे मात्र चकचकतंय. अजून चार दिवस आहेत, देतेस का नीट करून?"
जिभेवर आलं होतं, हो काकू, राहिलंच, आणून द्या.
"काकांना विचारा," म्हटलं.
"ह्यांना काय विचारायचं त्यात?"
मी तेच पुन्हा म्हटलं. पलीकडे खोक्यावर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग फोन कानाला तसाच धरून त्यांनी आत हाक मारली,
"अहो... जरा इकडे येता?"